साठेखत झाले, पण व्यवहार अडला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घराचा व्यवहार मध्येच अडकला किंवा फिसकटला, आता पुढे काय करावे, अशा आशयाची बरीच पत्रे साठली आहेत. त्यांपैकी तीन या वेळी घेतली आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील पुनर्विक्रीच्या, म्हणजे बिल्डरकडून नव्हे तर आधीच्या मालकाकडून घेतल्या जाणाऱ्या सदनिकांपुरती आहेत. बिल्डरशी केलेल्या करारांना रेरा कायदा लागू होतो आणि तो विषय स्वतंत्र आहे.

प्रश्न : आमची राहती सदनिका विकण्यासाठी आम्ही सात महिन्यांपूर्वी साठेखत, म्हणजे घर पुढे विकण्याचा करार, केले आणि ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवले. खरेदीदाराने किमतीच्या दहा टक्के रक्कम दिली. उरलेली रक्कम त्यांनी बँकेचे कर्ज काढून नव्वद दिवसांत द्यायची होती, परंतु बँकेने अपेक्षेपेक्षा बरेच कमी कर्ज मंजूर केले. ‘एवढा महिना थांबा’ असे त्यांनी चार वेळा सांगितले आणि आता फोनवर म्हणतात की व्यवहार जमणार नाही, आमचे पैसे परत करा. ते पैसे आम्ही दुसऱ्या घराच्या विसारात घातले आहेत आणि त्या घराचे मालकही घाई करू लागले आहेत. आमच्याकडे दुसरा ग्राहक तयार आहे. त्याच्याशी लगेच करार करता येईल का? पहिल्या खरेदीदाराचे सगळे पैसे परत करावेच लागतील का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘फोनवर’ हा आहे. खरेदीदाराने माघार घेतली हे आपल्याला ठाऊक आहे आणि त्यांनाही ठाऊक आहे, पण कागदाला ते ठाऊक नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदीनुसार आपली सदनिका आजही त्यांना विकण्याचे ठरलेले आहे. आपण स्वतः त्या दस्ताची इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोनची प्रत काढून समोर ठेवा. त्या एका पानावर मोबदला, क्षेत्रफळ, लिहून देणाऱ्याचे आणि लिहून घेणाऱ्याचे नाव, दस्त क्रमांक आणि भरलेले मुद्रांक शुल्क एवढे सारे येते; सात महिन्यांतील फोन आणि आश्वासने मात्र तेथे कोठेही येत नाहीत. आपल्या नव्या ग्राहकाचा वकील शोध अहवाल, म्हणजे मालमत्तेच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल, तयार करताना हेच पान पाहणार आहे आणि नव्या ग्राहकाला कर्ज देणारी बँकही तेच पाहणार आहे. त्यामुळे आज आपण त्याच्याशी करार केलात तरी दोन-तीन आठवड्यांत तोही तेथेच अडेल आणि मग आपण एकाऐवजी दोन खरेदीदारांना उत्तर देत बसाल.

नुसत्या साठेखताने मालकी जात नाही, हे खरे आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ तसे स्पष्ट सांगते. परंतु साठेखतामुळे खरेदीदाराला करारपूर्तीचा, म्हणजे ठरल्याप्रमाणे विक्री करून मिळावी असा, दावा लावण्याचा हक्क मिळतो आणि हा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांपर्यंत, तारीख ठरलेली नसेल तर विक्रेत्याने नकार दिल्याचे कळल्यापासून तीन वर्षांपर्यंत लावता येतो. आज पैसे परत मागणारा माणूस उद्या भाव वाढल्यावर ‘मी तर तयारच होतो’ असे म्हणणारच नाही, याची खात्री कोणी द्यावी? मी हे कोणाच्या सचोटीविषयी शंका म्हणून लिहीत नाही. घर हातचे गेल्यावर माणसांच्या आठवणी बदलतात, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून पहिले काम नवा करार नव्हे, तर जुना करार नोंदणीकृत रद्दलेखाने संपवणे हे आहे. नोंदलेले साठेखत एका बाजूने पत्र पाठवून किंवा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन पुसले जात नाही. रद्दलेखावर दोघांच्या सह्या लागतात, किंवा मग न्यायालयात जावे लागते. खरेदीदार सही करायला येतील का, अशी शंका आपल्या मनात येईल. त्यांनी यावे असे एक सबळ कारण आहे, ते त्यांना समजावून सांगा. ताबा मिळणार असलेल्या साठेखतावर महाराष्ट्रात खरेदीखताइतकेच पूर्ण मुद्रांक शुल्क भरावे लागते आणि ते सहसा खरेदीदारानेच भरलेले असते. ताबा घेण्यापूर्वी करार रद्द झाला, तर त्या शुल्काच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो, पण त्यासाठी नोंदणीकृत रद्दलेख लागतो आणि त्याच्या नोंदणीपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज द्यावा लागतो. परताव्यातून काही कपात होते आणि नोंदणी फी परत मिळत नाही, तरीही ही रक्कम अनेकदा विसाराच्या निम्म्याहून अधिक भरते. रद्दलेखाची गरज आपल्याइतकीच त्यांनाही आहे, हे कळले की बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

येथे ताब्याविषयी एक विचारून ठेवतो. ‘तेवढे फर्निचरचे माप घेऊ द्या’ म्हणून आपण त्यांना किल्ली दिलेली नाही ना? दिली असल्यास आजच परत घ्या आणि परत मिळाल्याची दोन ओळींची पोच लिहून घ्या. ताबा दिला-घेतल्याचा वाद निर्माण झाला, तर शुल्काचा परतावा आणि आपली पुढची विक्री ही दोन्ही कामे लांबणीवर पडतात.

खरेदीदार सहीला येण्याचे टाळू लागले, तर वकिलामार्फत नोटीस पाठवा. नव्वद दिवसांची मुदत उलटली म्हणजे करार आपोआप संपला, असे धरून चालू नका. स्थावर मालमत्तेच्या करारात मुदत हाच कराराचा गाभा आहे असे न्यायालये सहसा गृहीत धरत नाहीत. ते करारातील शब्दांतून किंवा परिस्थितीतून स्पष्ट दिसावे लागते. त्यातच आपण चार वेळा थांबलात, म्हणजे मुदत आपणच सैल केलीत. ती पुन्हा घट्ट करायची असेल, तर नोटिशीत एक वाजवी आणि निश्चित तारीख द्यावी, त्या तारखेपर्यंत उरलेली रक्कम देऊन खरेदीखत करून घ्यावे अन्यथा करार रद्द समजला जाईल असे लिहावे, आणि आपण स्वतः खरेदीखत करून देण्यास तयार आहोत हेही त्यात नमूद करावे. शेवटचे वाक्य बरेच जण रागाच्या भरात गाळतात. नेमके तेच पुढे न्यायालयात विचारले जाते. नोटीस करारातील पत्त्यावर पोचपावतीसह टपालाने पाठवा आणि त्याच दिवशी तिची प्रत ईमेलवर व व्हॉट्सअ‍ॅपवरही द्या.

आता पैशांकडे येऊ. ‘विसार जप्त’ असे कलम बहुतेक छापील मसुद्यांत असते आणि आपल्याही करारात असेल. परंतु कलम आहे म्हणून आलेली सगळी रक्कम ठेवून घेता येते असे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ करारात लिहिलेल्या आकड्याला कमाल मर्यादा मानते आणि त्या मर्यादेत वाजवी भरपाई देते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या प्रकरणात विसार आणि किमतीपोटी दिलेली पुढची रक्कम यांत भेद केला होता. करारपूर्तीची हमी म्हणून दिलेला खरा विसार एक आणि किमतीचा हप्ता दुसरा. आपल्या दहा टक्क्यांपैकी नेमकी कोणती रक्कम कोणत्या शब्दांत स्वीकारली आहे, ते पावत्यांवरून तपासा.

कायदा काय देऊ शकेल हे एक आणि आपल्याला आज काय परवडेल हे दुसरे. पूर्ण रक्कम अडवून ठेवलीत तर खरेदीदार रद्दलेखावर सही करणार नाहीत, प्रकरण न्यायालयात जाईल आणि आपला तयार ग्राहक तेवढे दिवस थांबणार नाही. माझा सल्ला असा की, आपले प्रत्यक्ष झालेले नुकसान कागदावर मांडा: वकिलाची फी, नव्या घराच्या मालकाला उशिरापोटी द्यावी लागणारी रक्कम, वाढीव व्याज. तेवढे वजा करून बाकीचे परत करण्याचा प्रस्ताव द्या. वजा केलेल्या रकमेवर करही आहे. २०१४-१५ या आर्थिक वर्षापासून जप्त केलेला विसार हा घराच्या मूळ किमतीतून वजा होत नाही, तर इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न म्हणून त्याच वर्षी करपात्र ठरतो. व्यवहार ५० लाख रुपयांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर खरेदीदाराने दिलेल्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून तो आपल्या पॅनवर जमा केलेला असणार. त्या एका टक्क्याचे काय करायचे, तो खरेदीदाराने परत मागायचा की आपण तो आपल्या विवरणपत्रात घेऊन त्यांना वेगळा द्यायचा, हे रद्दलेखातच लिहून टाका. नाही तर वर्षभराने तेवढ्यासाठी पुन्हा फोन सुरू होतात.

पैसे दुसरीकडे गुंतले आहेत, ही आपली खरी अडचण दिसते. खरेदीदार म्हणणार, आधी पैसे द्या मग सही करतो. आपण म्हणणार, आधी सही करा मग पैसे देतो. ही कोंडी फोडण्याची जुनी आणि साधी रीत अशी की, दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर कराव्यात. परत करायच्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट आधी काढून ठेवायचा, त्याचा क्रमांक, तारीख आणि बँकेचे नाव रद्दलेखात लिहायचे आणि दुय्यम निबंधकासमोर दोघांचे फोटो व अंगठ्याचे ठसे झाल्यावर ड्राफ्ट हातात द्यायचा. ड्राफ्टपुरती रक्कम जमत नसेल, तर नव्या ग्राहकाला सगळी हकिगत सांगून त्याच्या विसारातून ती उभी करता येते. मात्र त्याने दिलेली रक्कम रद्दलेख नोंदला जाईपर्यंत वकिलाकडे राहील आणि तो नोंदला गेला नाही तर त्याला परत मिळेल, असे आधी लिहून द्यावे लागेल. यात लपवाछपवी करू नका. ग्राहकाला ती शोध अहवालात कळणारच आहे आणि मग तो आपल्या प्रत्येक शब्दावर संशय घेईल.

नव्या घराच्या मालकांना आजच लेखी कळवा. ‘लवकरच होईल’ असे सांगण्याचा मोह होतो, पण आपल्या खरेदीदाराने आपल्याशी केले तेच आपण त्यांच्याशी करत आहोत, हे तेव्हा लक्षात येत नाही. आपली तारीख मोजून काढा: रद्दलेखाला किती दिवस, नव्या ग्राहकाच्या वकिलाच्या तपासणीला किती, त्याच्या बँकेच्या मंजुरीला किती, आणि त्यावर तीन-चार आठवडे जास्तीचे. ती बेरीज त्यांना सांगा आणि मुदतवाढीचा पुरवणी करार करून घ्या. त्यांनी वाढीव मुदतीसाठी ठरावीक भरपाई मागितली, तर ती चढ्या व्याजाच्या तात्पुरत्या कर्जापेक्षा बहुधा स्वस्त पडेल. असे पूल-कर्ज बँका देतात, पण जुने घर विकले जाईल या भरवशावर देतात. इंडेक्स टूवर दुसऱ्याचे नाव असताना तो भरवसा बँकेला कसा वाटणार?

भांडवली नफ्यावरील करसवलतीची गणितेही या उशिराने बिघडू शकतात. जुन्या घराच्या नफ्यातून नवे घर घेतल्यास मिळणारी सवलत, नवे घर विक्रीनंतर दोन वर्षांत किंवा विक्रीपूर्वी एका वर्षाच्या आत घेतले असेल तरच मिळते. आपण नव्या घराचे खरेदीखत आधी केलेत आणि जुन्याची विक्री त्यानंतर वर्षाबाहेर गेली, तर ही सवलत हातची जाईल. नव्या घराची तारीख ठरवण्यापूर्वी सनदी लेखापालांना एकदा विचारा.

प्रश्न : मी खरेदीदार आहे. अकरा महिन्यांपूर्वी नोंदणीकृत साठेखत करून वीस टक्के रक्कम दिली. विक्रेत्यांच्या सदनिकेवर त्यांचे कर्ज होते. माझ्या पैशांतून त्यांनी ते फेडले. पण त्यांच्या बँकेकडून मूळ कागदपत्रे अजून आलेली नाहीत. दरम्यान माझ्या कर्जमंजुरीची मुदत संपली आणि मी भाड्याच्या घरातच आहे. आता विक्रेते म्हणतात, थांबा, नाही तर पैसे बिनव्याजी घेऊन जा. मी काय करावे?

उत्तर : कागदपत्रांच्या बाबतीत नियम आता आपल्या बाजूने आहे, फक्त तो विक्रेत्यांनी वापरायला हवा. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांना आदेश दिला की, कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करावीत आणि नोंदवलेला बोजा उतरवावा. बँकेच्या कारणाने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यावेत, असेही त्यात आहे. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना लागू आहे. कागद गहाळ झाले असतील, तर नकला मिळवून देण्याची जबाबदारी आणि खर्च बँकेचा आहे आणि त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. भरपाई मागण्याचा हक्क कर्जदाराचा, म्हणजे विक्रेत्यांचा आहे. त्यांनी बँकेला लेखी तक्रार दिली आहे का, हे विचारा आणि तिची प्रत मागा. प्रत दाखवता आली नाही, तर अडचण बँकेची आहे की विक्रेत्यांचे मन बदलले आहे, हा प्रश्न रास्त ठरतो. अकरा महिन्यांत भाव वाढले असतील तर अधिकच.

घर हवे आहे की पैसे, हे आपण आधी ठरवा. दोन्ही दारे उघडी ठेवून नुसते थांबणे आपल्याला महागात पडेल.

घर हवे असेल, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर करारपूर्तीचा हुकूम देणे हे पूर्वीसारखे न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिलेले नाही. मात्र आपण आपला वाटा उचलण्यास सदैव तयार आणि इच्छुक होतो, हे आपल्याला दाखवावेच लागते. संपलेले मंजुरीपत्र घेऊन ते दाखवता येत नाही. मंजुरीचे नूतनीकरण करून घ्या, खात्यातील स्वतःच्या हिश्शाची रक्कम मोडू नका, आणि खरेदीखतासाठी आपण तयार असल्याचे विक्रेत्यांना लेखी कळवत राहा. करारात खरेदीखताची तारीख असेल, तर तीन वर्षे तिच्यापासून मोजली जातात. आपल्या पहिल्या तक्रारीपासून नव्हे. दावा लावताना पर्याय म्हणून रकमेच्या परताव्याची मागणीही त्यातच करा. मागितली नाही, तर न्यायालय ती आपणहून देत नाही.

पैसे हवे असतील, तर ‘बिनव्याजी’ हा शब्द मान्य करण्याचे कारण नाही. दोष आपला नसताना खरेदीदाराने दिलेल्या रकमेचा आणि तिच्यावरील व्याजाचा बोजा त्या मालमत्तेवरच असतो, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. आपल्या पैशांतून त्यांचे कर्ज फिटले आहे, म्हणजे त्यांचे व्याज आपण वाचवले आहे. वाटाघाटीत हा मुद्दा शांतपणे मांडा. रद्दलेखावर सही मात्र पूर्ण रक्कम हाती येतानाच करा, आधी नको. मुद्रांक शुल्काच्या परताव्याची सहा महिन्यांची मुदत वरच्या उत्तरात आली आहे, ती आपल्यालाच सांभाळायची आहे.

विक्रेते गृहनिर्माण संस्थेच्या ना-हरकत पत्राचेही कारण देतील. सदस्यत्व आणि शेअर्स हस्तांतरित करण्यासाठी असे पत्र बंधनकारक नाही, हे आदर्श उपविधींत स्पष्ट आहे. बँक ते मागते म्हणून ते लागते, आणि अर्ज केल्यास समितीने एका महिन्यात निर्णय घ्यायचा असतो.

प्रश्न : आमचा करार झालाच नव्हता, फक्त विसारपावती होती. एक लाख रुपये रोख दिले होते. विक्रेत्याने घर देण्यास नकार दिला आणि आता तो रोखच परत देतो म्हणतो. घ्यावेत का? शिवाय मध्यस्थ आपली दलाली मागत आहे.

उत्तर : रोख घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारापोटी २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेणे आणि तशीच रोख परत करणे, या दोन्हींना आयकर कायद्याने १ जून २०१५ पासून मनाई आहे, आणि व्यवहार प्रत्यक्षात झाला की नाही याच्याशी त्या मनाईचा संबंध नाही. दंड त्या रकमेइतका होऊ शकतो. रोख घेताना झालेली चूक विक्रेत्याची होती. परत करताना ती पुन्हा केली तर तीही त्याचीच असेल, आणि हे त्याला सांगितलेत तर धनादेश किंवा खात्यावर रक्कम पाठवण्यास तो बहुधा स्वतःच तयार होईल. रक्कम जमा झाल्यावर मूळ विसारपावतीवर ‘रक्कम परत मिळाली, पावती रद्द’ असे लिहून तारखेसह दोघांनी सह्या कराव्यात आणि दोघांनी तिची एकेक प्रत ठेवावी.

दलालीविषयी आपल्यात काही लेखी ठरले होते का, हे पत्रात नाही. दलाली ग्राहक आणून दिल्यावर देय होते की खरेदीखत झाल्यावर, ते त्या ठरावाच्या शब्दांवर अवलंबून आहे. काहीच लिहिलेले नसेल आणि घर देण्यास नकार विक्रेत्यानेच दिला असेल, तर मध्यस्थाने आपल्या मागणीचा आधार आधी लेखी द्यावा आणि तोवर आपण काही देऊ नये, असे मला वाटते.